पुढे पाठवण्याचा शिक्का

गेल्या वर्षी पोळ्याला माहेरी गेले होते. बैल मिरवून आले, पुरण शिजत आलं आणि चुलीच्या धुराने काकूचा दमा उसळला. तसा तो वर्षातून दोन-तीनदा उसळतोच. पंप ओढते, भिंतीला टेकून बसते, तासाभराने पदर खोचून पुन्हा कामाला लागते. त्या संध्याकाळी बसेना. ओठांचा रंग बदलायला लागला तशी तिच्या मुलाने, माझ्या चुलत दादाने, पिकअप काढली, मागचे रिकामे कॅरेट ओसरीवर फेकले आणि आम्ही तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पोचलो. ड्यूटीवर एकच डॉक्टर, वयाने माझ्या मुलाएवढा. त्याने हयगय केली असं मी म्हणणार नाही. आल्या आल्या नेब्युलायझर लावला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, छाती तपासली. आकडा ८९. मग त्याने टेबलाचा खण उघडून एक शिक्का काढला, शाईच्या डबीवर दोनदा दाबला आणि चिठ्ठीवर उमटवला. ‘पुढील उपचारासाठी जिल्हा रुग्णालय, नाशिक येथे संदर्भित.’ शिक्का इतका वापरातला होता की ‘संदर्भित’वरचा रफार झिजून गेला होता. काकूला पुढे पाठवायचंय हे सांगायला त्याला तोंडही उघडावं लागलं नाही.

१०८ आली, रात्री उशिरा सिव्हिल गाठलं. तिथे पुन्हा नेब्युलायझर, नाकाला नळी लावून दोन लिटर ऑक्सिजन, एक इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू घरी येऊन शिळी पुरणपोळी दुधात कुस्करून खात होती. सिव्हिलमध्ये जे केलं ते तालुक्याला का झालं नाही, असं घरात कुणी विचारलं नाही. आमच्याकडे हे विचारण्यासारखं कुणाला वाटतच नाही. मला मात्र तो शिक्का डोक्यातून जाईना. त्याला कारणही होतं. डॉक्टरच्या पाठीमागच्या खिडकीतून आवारातली पत्र्याची शेड दिसत होती. तिच्यात ऑक्सिजन तयार करायचा प्लँट आहे. दाराला कुलूप आणि कुलपावर गंज. आणि ह्याच इमारतीत, डाव्या हाताच्या वॉर्डात, २०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, दादा ऑक्सिजनवर होता. तेव्हा त्याला कुणी पुढे पाठवलं नाही.

पुढे जागाच नव्हती.

गावाकडची सरकारी आरोग्यव्यवस्था कागदावर पाहिली तर नीट रचलेली आहे. आदिवासी भागात ३००० लोकांमागे एक उपकेंद्र, इतरत्र ५०००मागे. प्राथमिक आरोग्य केंद्र २०,०००मागे किंवा ३०,०००मागे. त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा, मग त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल, आणि तिथेही हात टेकले की मुंबई. प्रत्यक्षात मात्र ह्या रचनेतला प्रत्येकजण आपल्या वरच्याकडे बोट दाखवण्यात तरबेज झालेला असतो. उपकेंद्राची नर्स केंद्रात जा म्हणते, केंद्राचे डॉक्टर तालुक्याला, तालुका नाशिकला. सुरगाण्याच्या घाटाखालचे लोक तर नाशिकचा नादच सोडतात आणि सरळ गुजरातेत उतरतात, धरमपूर-वलसाडला, कारण ते जवळ पडतं. बाळंतीण, सर्पदंश, फवारणीचं औषध नाकातोंडात गेलेला मजूर, सगळे रस्त्यावर. लहानपणी मला वाटायचं, सिव्हिल हे बरं व्हायचं ठिकाण नसून माणसं नेऊन ठेवायचं ठिकाण आहे. गावातून गेलेल्यांपैकी जे परत येत ते फारसं बोलत नसत.

म्हणून २०२०च्या मार्चमध्ये गावाने पहिलं काम काय केलं, तर रस्ता बंद केला. बाभळीच्या फांद्या, बैलगाडीची जुनी चाकं, एक मोडकं नांगराचं जू. जिल्ह्यातला पहिला रुग्ण २९ मार्चला निफाड तालुक्यात लासलगावकडे सापडला, आणि लासलगाव म्हणजे आमच्याकडच्या प्रत्येक कांदेवाल्याचं रोजचं ठिकाण. एप्रिलमध्ये मालेगावने धडकी भरवली. यंत्रमागाच्या त्या गावात एकेका खोलीत आठ-आठ माणसं, अंतर ठेवायचं म्हणजे कुठे ठेवायचं? सुरुवातीला घशातले नमुने पुण्याला जायचे, मग धुळ्याला, आणि अहवाल येईपर्यंत माणूस एक तर बरा व्हायचा किंवा दुसरं काही. इकडे महामार्गावर मुंबईहून चालत निघालेल्यांची रांग कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, विल्होळीवरून नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत यायची. डोक्यावर कुकर, काखेत पोर, पायात फाटकी स्लीपर. १ मे २०२०च्या रात्री नाशिकरोडहून भोपाळकडे श्रमिक स्पेशल सुटली. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला येतात, हे त्या वर्षी पहिल्यांदा बोचलं. गाडी सुटली तरी चालणारे पुढे कितीतरी दिवस चालतच होते.

आणि द्राक्षं! टाळेबंदी नेमकी तोडणीच्या ऐन हंगामात आली. दादाचा माल वेलीवर तयार, व्यापारी फोन उचलत नव्हता. शेवटी ट्रॅक्टर घेऊन तो आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीखाली आला, आणि निर्यातीच्या प्रतीचे घड आम्ही बायकांनी पोलिसाची शिट्टी वाजायच्या आत पिशव्यांत भरले. वॉचमनने फाटकाच्या आतून पैसे द्यायला लावले, प्लास्टिकच्या डब्यात. सख्ख्या चुलतभावाला मी त्या दिवशी पाणीसुद्धा दुरून दिलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. मला अजून वाटतं.

सरकारने ह्या सगळ्याला हात घातला तो १८९७च्या साथरोग कायद्याने. मुंबईत प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी घाईघाईने केलेला चार कलमांचा कायदा. तपासणी, अडवणूक, विलगीकरण, शिक्षा, बस्स. औषधोपचाराची जबाबदारी कुणाची, खाट कोण देणार, हे त्यात नाही. ह्या कायद्याला साथ म्हणजे मुळात बंदोबस्ताचा विषय वाटते. आमच्या भागात त्या प्लेगच्या आठवणी अगदी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जिवंत होत्या. नाशिकजवळच्या भगूरला सावरकरांचे वडील १८९९ साली प्लेगने गेले, हे पुस्तकात आहे. पण पुस्तकात नसलेली घरंही खूप होती. माझी आजी सांगायची की तिच्या सासूच्या वेळी गाव उठून शिवारात जाऊन राहिलं, झोपड्या बांधून, प्रत्येक कुटुंब आपल्या वावरात. गंमत म्हणजे सव्वाशे वर्षांनी आमच्या गावाने तेच केलं. ज्याचा मळा होता तो मळ्यात राहायला गेला. तेव्हा हे विलगीकरण कुठल्या परिपत्रकात नव्हतं, आणि जे परिपत्रकात होतं त्यापेक्षा ते बरं चाललं.

शहरात मात्र प्रयोगांना ऊत आला होता. दुसरी लाट चढायला लागली तेव्हा, २०२१च्या मार्चअखेरीस, नाशिकच्या पोलिसांनी बाजारात शिरायला ५ रुपयांचं तिकीट लावलं. एका माणसाला एक तास. तास उलटला तर ५०० रुपये दंड. मेन रोडला जायचं म्हणून मी रीतसर पावती फाडली. पावती फाडायच्या रांगेत जेवढी गर्दी होती तेवढी पुढे बाजारात नव्हती. आपण हसतो, पण त्या माणसांच्या जागी मी असते तर काय केलं असतं? काहीतरी करतोय हे दिसणं त्या दिवसांत करण्याइतकंच गरजेचं झालं होतं. रेमडेसिव्हिरचंही तसंच. औषधाच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा, चपला ठेवून धरलेले नंबर, हातात डॉक्टरची चिठ्ठी आणि आधार कार्डाची झेरॉक्स. ह्या औषधाने जीव वाचतो असं दिसत नाही, तेव्हा ते वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२०मध्येच सांगून ठेवलं होतं. उलट ज्याने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू खरोखर कमी होतात हे जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं, ते डेक्सामेथासोन कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असतं आणि चहापेक्षा स्वस्त मिळतं. त्याच्यासाठी कुणी रांग लावली नाही. स्वस्त वस्तूवर कोण विश्वास ठेवणार?

२१ एप्रिलला दुपारी महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयातल्या टाकीला गळती लागली. टँकरमधून द्रवरूप ऑक्सिजन भरणं चालू होतं. आवारभर पांढरं धुकं पसरलेलं आम्ही सगळ्यांनी फोनवर पाहिलं, आणि पहिल्यांदा बघताना ती वाफ आहे की धूर हेही कळलं नाही. त्या दिवशी २२ माणसं गेली. ऑक्सिजन सगळीकडेच कमी पडत होता. पण इथे तो होता, उण्या १८३ अंशाला उकळणारा, डोळ्यांदेखत हवेत जात होता, आणि भिंतीपलीकडे माणसं त्याच्यावाचून तडफडत होती. तीन दिवसांनी, २४ तारखेला, देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमहून नाशिकरोडला पोचली. सात टँकरांपैकी तीन नागपूरला उतरले होते, चार इथे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठले नाहीत.

दादाला ताप आला तो ह्याच आठवड्यात. द्राक्षांची खरड छाटणी तोंडावर आलेली, मजूर मिळत नव्हते, म्हणून तो अंगावर काढत राहिला. वहिनीचा फोन आला तेव्हा ऑक्सिमीटरवर ८४ होतं. मी नाशिकमध्ये, हाताशी दोन फोन, खाटांची माहिती देणारं संकेतस्थळ उघडलेलं. सगळीकडे शून्य. हेल्पलाइनचा माणूस सौजन्याने बोलत होता, मला त्या सौजन्याचाच राग आला. सिव्हिल भरलेलं, आडगावचं मेडिकल कॉलेज भरलेलं, बिटको भरलेलं. आरोग्य विज्ञानाचं विद्यापीठ १९९८पासून नाशिकमध्ये, म्हसरूळला आहे, अख्ख्या राज्याच्या डॉक्टरांच्या पदव्या तिथून निघतात. पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा नाशिकला नव्हतं. हा विनोद मला त्या रात्री सुचला आणि सांगायला कुणी नव्हतं. खाजगीत एक खाट सापडली, तर आधी दीड लाख भरा म्हणाले. सरकारने खाजगी रुग्णालयांचे दर मे २०२०मध्येच बांधून दिले होते, साध्या विलगीकरणाला दिवसाला ४०००, व्हेंटिलेटरसह अतिदक्षतेला ९०००. पण दर बांधले तरी खाट बांधता येत नाही. पैशांची जुळवाजुळव करेपर्यंत तीही गेली.

तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडम एमबीबीएस होऊन बाँडची, म्हणजे पदवीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेची, ड्यूटी करत होत्या. वय सव्वीस-सत्तावीस असेल. वहिनी हात जोडून म्हणाली, ‘‘मॅडम, नाशिकला नका धाडू. काय व्हायचं ते इथं आमच्यासमोर होऊ द्या.’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘धाडू कुठे? मी सकाळपासून सात जणांसाठी फोन केलेत.’’ आणि मग, वहिनीच्या शब्दांत सांगायचं तर, त्यांनी एकदा सगळ्या वॉर्डाकडे बघितलं आणि पेन खिशात ठेवलं.

तीस खाटांच्या त्या इमारतीत त्या दिवसांत चाळीसच्या वर माणसं होती. ऑक्सिजन सिलिंडरवर चालायचा, व्हरांड्यात मॅनिफोल्डला, म्हणजे सगळे सिलिंडर जोडणाऱ्या नळीला, लावलेली जम्बो सिलिंडरांची रांग, तिथून तांब्याची नळी आत. हिशोब सोपा आणि भीतिदायक होता. एका जम्बोत साधारण ७००० लिटर. वीस रुग्णांना मिनिटाला पाच-पाच लिटर धरले तर १०० लिटर, म्हणजे ७० मिनिटांत एक जम्बो रिकामा. दिवसाला वीस-एकवीस. ते भरून आणायला औद्योगिक वसाहतीतल्या प्लँटवर जायचं आणि रांगेत उभं राहायचं. शासनाची गाडी एक होती. बाकीच्या गावातल्या पिकअप होत्या. ज्या पिकअपमधून द्राक्षं बाजारात जायची त्यांतून सिलिंडर यायला लागले, कॅरेटच्या जागी गोणपाटं टाकून, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. दादाच्या पिकअपने दादाचाच ऑक्सिजन आणला. चालवायला पुतण्या, लायसन नुकतंच निघालेला. डिझेलचे पैसे सोसायटीने दिले, विकास सोसायटीने, जी एरवी पीककर्जाच्या वसुलीशिवाय कुणाकडे बघत नाही.

आत उपचार काय चालले होते? ऑक्सिजन. डेक्सामेथासोन. रक्त पातळ राहावं म्हणून पोटात इंजेक्शन. साखर तपासणं. आणि पालथं झोपवणं. एक सिस्टर होती, आवाज असा की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचावा. ‘‘बाबा, पालथे व्हा! मामा, पालथे व्हा! घरी जायचंय ना?’’ दर दोन तासांनी तिची ही हाळी. म्हातारे वैतागायचे, शिव्या घालायचे, पण पालथे व्हायचे, कारण तिला ते ओळखत होते, तिने त्यांच्या नातवांना डोस पाजलेले होते. दादा सांगतो की लाईट गेली की सगळा वॉर्ड गप्प व्हायचा, जनरेटर सुरू झाल्याची घरघर ऐकू येईपर्यंत. डिझेलचा धूर, हायपोक्लोराइटचा उग्र वास, आणि घरून आलेल्या डब्यांतली मेथीची भाजी. वहिनी खिडकीबाहेर जांभळीखाली बसून असायची. काचेतून दिसायचा तो. नाशिकला नेला असता तर दिसला नसता; तिथून तर माणसं प्लास्टिकमध्ये बांधून थेट अमरधामला जात होती. आमच्या भागातले लोक ताप लपवायचे ते आजाराच्या भीतीने कमी आणि ह्या भीतीने जास्त. तालुक्याला ठेवून घेतात हे कळल्यावर पाड्यांवरून लोक आपणहून यायला लागले, हे मॅडमनी मला नंतर सांगितलं. लवकर आलेला माणूस वाचवायला सोपा असतो.

दादा वाचला. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस वाचला नाही. शिक्षक होता, चाळिशीतला. त्याला व्हेंटिलेटर लागत होता, आणि व्हेंटिलेटर होता, खोक्यात. चालवणारा भूलतज्ज्ञ नव्हता, फिजिशियन नव्हता. त्याची बायकोसुद्धा जांभळीखालीच बसायची, वहिनीच्या शेजारी, दोघींचा डबा एकत्र उघडायचा. त्यामुळे ह्या वॉर्डाची कौतुककथा सांगायला गेले की माझा आवाज मध्येच अडखळतो. तिला ही गोष्ट सांगता येईल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते. तिच्या नवऱ्याला पुढे जायलाच हवं होतं. पुढची जागा अशाच लोकांसाठी मोकळी असायला हवी होती.

मे महिन्यात आणखी एक उलटीच गोष्ट घडली. अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली, नोंदणी मोबाईलवर, आणि शहरातले स्लॉट उघडल्या क्षणी संपायचे. मग पोरांनी पिनकोड बदलून बघितले. पेठ, दिंडोरी, इगतपुरी, सुरगाणा. आमच्या सोसायटीतल्या तीन गाड्या सकाळी सहाला पेठ रोडने निघाल्या, थर्मासमध्ये चहा, डोक्याला टोप्या, सहलीला निघाल्यासारखी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अंगणात आंब्याखाली नाशिकच्या नंबरप्लेटी, आणि कुंपणाबाहेर गावातली माणसं बघत उभी, कारण त्यांना ओटीपी म्हणजे काय हे माहीत नव्हतं, रेंज तर टेकडीवर गेल्याशिवाय यायची नाही. आयुष्यभर गाव शहराकडे जाताना पाहिलेलं. त्या आठ-दहा दिवसांत शहर गावाकडे आलं, ते ह्या कामासाठी. पाड्यांवर लसीची भीती होती हेही खरं. एका आशाताईंनी सांगितलं, ‘‘मी दारोदार हिंडून वीस जणांना कबूल करून आणलं, तर आत नंबर तुमच्या लोकांचे लागलेले. दुसऱ्यांदा कोण येतंय माझ्या मागं?’’ त्यांच्या गळ्यात जुना ऑक्सिमीटर होता, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेच्या वेळचा. १२ मेपासून राज्याने ह्या वयोगटाचं लसीकरणच थांबवलं, लस पुरेना म्हणून. जूनमध्ये आशाताई संपावर गेल्या, राज्यभरातल्या सुमारे ७०,०००. महिना १५०० रुपये वाढवून मिळाले.

त्याच जूनमध्ये सरकारने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा काढली. महसूल विभागामागे पहिलं बक्षीस ५० लाख, दुसरं २५, तिसरं १५. हेतू चांगला होता, काही गावांनी खरोखर चांगलं कामही केलं. पण गाव कोरोनामुक्त दाखवायचा सर्वांत सोपा मार्ग कुठला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तपासणीची गाडी आली की आमच्याकडे लोक वावरात जायचे. सरपंच हसून म्हणायचे, ‘‘निगेटिव्ह हायेत सगळे, कोणी सापडंना.’’ बक्षीस द्यायचंच होतं तर ज्या तालुक्याने आपल्या किती रुग्णांना नाशिकला न पाठवता बरं केलं, त्याला का नाही दिलं, असं मला तेव्हापासून वाटतं. तो आकडा कुणी मोजला नाही. किती पाठवले, हा मात्र रजिस्टरला असतो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर घेतलेले डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, लॅबवाले कार्यमुक्त झाले. ज्या सिस्टरचा आवाज वॉर्डभर पोचायचा ती ह्याच कंत्राटातली होती. आता एका खाजगी दवाखान्यात आहे, पगार कमी आणि पेशंट शांत. प्लँट मात्र लाट ओसरल्यावर आला. त्याचं उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो छापून आले. हवेतला नायट्रोजन शोषून घेऊन नव्वद टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन देणारं यंत्र आहे ते, पण आतलं नायट्रोजन शोषणारं द्रव्य, झिओलाइट, ओलावा धरतं, म्हणून प्लँट चालता ठेवावा लागतो, आणि चालवायला अखंड वीज लागते आणि एक माणूस लागतो. यंत्राला निधी मिळतो, माणसाला पद मंजूर व्हावं लागतं. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात शेवटी नाशिकही आलं. आनंदच आहे. पण त्यातही सिव्हिल मोठं होणार, म्हणजे पाठवायला अजून चांगली जागा तयार होणार, अशी एक कडवट शंका मनात येते.

पोळ्यानंतर मी त्या मॅडमना फोन लावला. नंबर दादाकडे होता. दरवर्षी द्राक्षांची पेटी पाठवतो तो त्यांना. आता त्या दुसऱ्या जिल्ह्यात मेडिसिनचं पदव्युत्तर शिक्षण घेतायत. शिक्क्याचं सांगितलं तर मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, ‘‘तो मीच करून घेतला होता, ताई. दोन हजार वीसमध्ये. लिहून लिहून हात दुखायचा.’’ मग गंभीर झाल्या. त्यांचं म्हणणं असं की त्या पोराच्या जागी त्या असत्या तरी त्यांनी पाठवलंच असतं. रात्री एकटा डॉक्टर, खाली दोन बाळंतिणी अडलेल्या, आणि पहाटे म्हातारीचं काही बरंवाईट झालं असतं तर दोनशे माणसांचा जमाव. ‘‘एप्रिल दोन हजार वीसमध्ये त्या जुन्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली, आमच्यावर हात उचलून गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण जमाव कायदा वाचून येतो का? पुढे पाठवलं की निदान माझ्या हातून गेला असं होत नाही.’’

‘‘मग तेव्हा कसे ठेवलेत चाळीस जण?’’

‘‘तेव्हा आम्ही अकरा जण होतो की! रात्री तीन सिस्टर असायच्या. सिलिंडर तुमची पोरं आणायची. सिव्हिलचे फिजिशियन रात्री दोनला व्हिडिओ कॉल उचलायचे, रोज, कधी चिडले नाहीत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, बाहेर बसलेल्यांना माहीत होतं की दुसरीकडे जागा नाही. त्यामुळे माझ्यावर कुणी ओरडलं नाही. मी घाबरले नव्हते असं नाही. पण एकटी नव्हते.’’

मी विचारलं, आता काय केलं तर दम्याची बाई रात्रभर तिथे ठेवून घेता येईल. त्यांनी फोनवरच यादी सांगितली, जणू तयारच होती. रात्रीला दुसरा डॉक्टर. दोन सिस्टर, कायमच्या. भूलतज्ज्ञाचं पद भरलेलं. प्लँटला ऑपरेटर आणि आठवड्यातून दोनदा तो चालवल्याची नोंद. सिव्हिलच्या फिजिशियनचा तो व्हिडिओ कॉल, कुणाच्या मेहेरबानीवर न ठेवता ड्यूटी म्हणून लावलेला. ‘‘ह्यातलं काहीच महाग नाही, ताई. सगळं एकदा करून झालंय.’’

मग म्हणाल्या, पुढच्या वर्षी त्यांचा पुन्हा बाँड लागेल, पदव्युत्तरचा, आणि जागांची यादी येईल तेव्हा पसंतीक्रम भरावा लागेल. आमचा तालुका यादीत असला तर टाकणार का, असं मी थोडी भीड सोडून विचारलं. पलीकडे क्षणभर काही बोलल्या नाहीत.

‘‘टाकेन,’’ म्हणाल्या. ‘‘पहिला नाही हं. तिसरा-चौथा.’’